नॉर्मलचे पेढे

माझा मेंदू नॉर्मल निघाला म्हणून अप्पांनी जालन्यात अर्धा किलो पेढे घेतले आणि एमआरआय सेंटरच्या पायऱ्यांवरच वाटायला सुरुवात केली. आधी काउंटरवरच्या मुलीला, मग वॉचमनला, मग गुडघ्याचा फोटो काढायला आलेल्या एका अनोळखी म्हातारीला. "पोरीच्या डोक्याचा फोटो काढला, बिलकुल नॉर्मल आला," ते तिला सांगत होते, जणू मी बारावीला बोर्डात आले होते. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मनगटांकडे बघितलं, आणि पेढा न खाता पदराच्या टोकाला बांधला. माझं वय अठ्ठावीस, उंची पाच फूट दोन इंच आणि त्या दिवशीचं वजन साडेअडतीस किलो. म्हातारीला यातलं काही माहीत नव्हतं, तरी तिला कळलं. अप्पांना कळलं नाही. ते एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बोनेट उघडलं, सगळं तपासलं, फॉल्ट सापडला नाही, म्हणजे गाडी चालली पाहिजे, हा त्यांचा साधा नियम. सगळ्यात शेवटी बॉक्स माझ्यापुढे आला. "घे भावे. आता तं काही बहाणा न्हाई राह्यला." मी पेढ्यांकडे बघितलं. प्रत्येकावर हलवायाच्या अंगठ्याचा खोलगट ठसा होता, आणि एका ठशात तर अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या. पायऱ्यांवर लोक होते म्हणून मी एक उचलला आणि मुठीत धरून ठेवला.

बदनापूरपर्यंत काळीपिवळी जीपमध्ये तो माझ्या मुठीतच होता. आधी कडा मऊ झाल्या, मग तो बोटांच्या बेचक्यात शिरला, मग खव्याचा वास मनगटावर चढला. शेजारच्या बाईच्या केसांतलं तेल, ड्रायव्हरची मळलेली तंबाखू, माझ्या तळहातावरचा तो ओलसर चिकट गोळा, हे सगळं एकाच वेळी आणि सारख्याच जोरानं माझ्यावर येत होतं. लोकांना वाटतं मला चवच नाही. खरं तर मला चव इतकी आहे की सहन होत नाही. संभाजीनगरच्या अर्पिता मॅडम माझ्या डॉक्टर. मला वर्षभर प्रश्न विचारून, लहानपणच्या गोष्टी मायकडून ऐकून, त्यांनी गेल्या वर्षी मला सांगितलं होतं की तुम्हाला ऑटिझम आहे, जन्मापासूनचा, आणि खाण्याचा आजार त्यावर नंतर चढलेला आहे. शेतात दोनदा चक्कर येऊन पडले म्हणून डोक्यात गाठबीठ नाही ना, एवढंच बघायला त्यांनी हा फोटो काढायला लावला. मी विचारलं होतं, माझं न खाणं फोटोत दिसेल का? त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेनानं मेंदू काढला. म्हणाल्या, हा असा, अक्रोडासारखा. याच्यावर राखाडी साल असते, दोन-तीन मिलिमीटरची. उपासमार झाली की ती पातळ होते, वजन आलं की बरीचशी भरून येते. ऑटिझम असलेल्या काही लोकांत ती काही जागी उलट जाड आढळते. दोन्ही एकाच माणसात असलं तर काय होतं, यावर अजून शोध चालू आहेत. पण हे सगळं शेकडो लोकांची सरासरी काढल्यावर दिसतं. तुमच्या एकटीच्या फोटोत मला काहीही दिसणार नाही, तो नॉर्मल येईल, आणि त्यानं तुमचं काहीही खोटं ठरणार नाही. हे मॅडम अप्पांकडे आणि मायकडे बघून हळूहळू, दोनदा बोलल्या. मी मात्र त्या अक्रोडाकडे बघत बसले होते. भुकेनं एकीकडे पातळ, जन्मानं दुसरीकडे जाड. एकाच तालुक्यात कोरडा दुष्काळही आणि अतिवृष्टीही, आणि पंचनाम्याला येणारा म्हणतो, सरासरी पाऊस ठीक आहे. मला हसू आलं होतं. मायला वाटलं मी खूश झाले.

मी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात कंत्राटावर सहायक आहे. बियाण्याच्या तुरीच्या प्लॉटमधून भेसळ काढायची, म्हणजे फुलोऱ्याच्या आधी ओळीओळीनं चालायचं आणि जे झाड वाणाचं नाही ते उपटायचं, हे माझं मुख्य काम. पान किंचित अरुंद, खोडावर लालसर झाक, फांदीचा कोन जरा जास्त उघडा. बाकीच्यांना ओळीत थांबून, वाकून बघावं लागतं. मला चालताना दिसतं. शंभर झाडांत एक झाड चुकीचं असलं की मला दातांत खडा आल्यासारखं होतं. कचरूमामा, केंद्रावरचे सगळ्यात जुने मजूर, माझ्यामागून गोणी घेऊन येतात. पहिल्या हंगामात त्यांनी मुद्दाम मागे राहून माझ्या ओळी पुन्हा तपासल्या होत्या, आणि दुपारी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ह्या पोरीच्या मागं फिरून उपेग न्हाई. हिच्यातून काईच सुटत न्हाई." साहेबांनी त्या वर्षी माझी नजर पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना कौतुकानं सांगितली. आता मला एवढंच विचारायचं आहे, की ही नजर कुठून आली? जे डोकं तुरीच्या ओळीत एक परकं झाड सोडत नाही, तेच डोकं वरणात एक दाणा मोहरी सोडत नाही. डोळ्यांचं कौतुक करायचं आणि जिभेचा इलाज करायचा, हा कुठला न्याय? मला ज्वारीची भाकरी चालते, एकाच गिरणीची. फोडणी न दिलेलं तुरीचं वरण चालतं, वेगळ्या वाटीत. भाजलेले शेंगदाणे चालतात, एकेक. तीन कप्प्यांचं एक स्टीलचं ताट आहे, त्यात कशाचा कशाला स्पर्श होत नाही. ही यादी लहान आहे, पण ती खाऊन माणूस जगतो. कचरूमामा दुपारी माझ्याकडे पाठ करून जेवतात. जेवताना कुणी बघितलेलं मला सहन होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण मला इथं खोटं बोलायचं नाही. जीभ ही एक गोष्ट आणि भूक ही दुसरी. शाळेत आठ वर्षांची असताना बाईंनी खिचडीचं ताट संपेपर्यंत मला वऱ्हांड्यात बसवून ठेवलं, आणि मी ती संपवली, आणि सगळी बाईंच्या चपलांवर ओकले, ती जीभ होती. अकरावीत जालन्याला जायला लागले तेव्हाचं वेगळं. कॉलेजचा जिना, डबे उघडल्याचे आवाज, मुलींचं हसणं, बाकांचं सरकणं, सगळं अंगावर यायचं. एकदा सकाळपासून खाल्लं नाही आणि दुपारी तीनच्या सुमाराला एकाएकी जगाचा आवाज कमी झाला, कुणीतरी रेडिओचं बटण फिरवावं तसा. इतकी शांतता मला जन्मात मिळाली नव्हती. मी ती रोज घ्यायला लागले. मला सुंदर दिसायचं नव्हतं, बारीक व्हायचं नव्हतं, आरशाशी माझं काही घेणंदेणं नाही. मला शांत बसायचं होतं. पण भूक सावकारासारखी असते, देताना गोड बोलते. एकोणिसाव्या वर्षी तेहतीस किलोवर मला शहरातल्या एका दवाखान्यात भरती केलं, आणि अकरा दिवस नाकातून नळी घालून कोमट, गोडसर पांढरं काहीतरी पोटात सोडलं. नळी घशातून जाताना गिळायला सांगतात. हात बांधले नव्हते पण दोन नर्सा धरून होत्या, आणि माय दाराशी उभी राहून "गिळ माय, गिळ" म्हणत होती. मी त्या अकरा दिवसांनी वाचले, हे मला माहीत आहे. आणि तिथं पुन्हा जायचं नाही, हेही मी तेव्हाच ठरवलं. अर्पिता मॅडमशी माझा करार साधा आहे. छत्तीसच्या खाली गेले तर भरती. वर राहिले तर माझं ताट माझं.

घरी पोचल्यावर मी नळाखाली हात धरला. पेढा पाण्याबरोबर मोरीत गेला आणि अप्पांनी ते दारातून बघितलं. मायनं फोटोची मोठी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. माझ्या डोक्याच्या वीस चकत्या. "ह्याच्यात काय दिसून राह्यलं त्याहिला?" ती म्हणाली, मग बराच वेळ बघत राहून, "बराबर अक्रोडच हाय की." दुसऱ्या दिवशीची भाकरी नेहमीसारखी आली. पांढरी, पापुद्रा सुटलेली, कडेला एक काळा ठिपका. मी पहिला तुकडा तोंडात ठेवला आणि थांबले. ज्वारीच्या मागे काहीतरी होतं. तेलकट, आणि त्याच्याही मागे एक कडूपणा, पातळ सालीचा. मी तुकडा हातावर काढला आणि मायकडे बघितलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती, गॅसच्या, आणि गरज नसताना तवा पुसत होती. "काय घातलं?" मी विचारलं. "काई न्हाई." "माय, काय घातलं पिठात?" मग ती वळली. जालन्यात अप्पा पेढे घेत होते तेव्हा तिनं शेजारच्या दुकानातून पाव किलो अक्रोड घेतले होते. आयुष्यात पहिल्यांदा. ते भाजले, कुटले, आणि पिठाच्या अख्ख्या डब्यात कालवले. "मॅडमनं कागदावर काढला व्हता न अक्रोड. साल पातळ झाली म्हन्ल्या. मी म्हन्लं, जे कमी पडलं ते पोटात जाईन. तुला कळू द्यायचं न्हवतं." तिच्या डोळ्यांत चोरी पकडली गेल्याची लाज नव्हती. आशा होती, की कदाचित मला आवडलं असेल. मी उठले. मला तिच्यावर ओरडायचं नव्हतं, पण त्या डब्याचं झाकण उघडलं तरी मी ताट बाजूला सारायचे. मग कोऱ्या पिशवीतल्या पिठाचाही संशय यायला लागला, वरणाचाही, शेंगदाण्यांचाही. नऊ दिवस मी चहा, मुरमुरे आणि केंद्रावरच्या सीलबंद बिस्किटांवर काढले. दहाव्या दिवशी मॅडमच्या काट्यावर छत्तीस किलो चारशे ग्रॅम. मॅडमनी चष्मा काढला. पंधरा ऑक्टोबरला परत या, म्हणाल्या, त्या दिवशी छत्तीसच्या खाली असाल तर मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. मायच्या मायेनं माझे दोन किलो नेले होते, आणि मला सगळ्यात वाईट वाटत होतं ते त्या शांततेचं, जी नऊ दिवसांत परत आली होती आणि मला बरी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्यापुढे ताट घेऊन बसले. पोळी, बटाट्याची भाजी, वर तूप, कडेला उरलेले, आता कडक झालेले पेढे. "रिपोर्ट काय म्हन्ते? नॉर्मल. इंजिन खोलून पाह्यलं, फॉल्ट न्हाई. मंग गाडी का चालना? नखरे हायेत हे सारे. खाय." त्यांनी घास केला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. मी तोंड फिरवलं. घास माझ्या गालाला लागला. तूप गालावरून हनुवटीपर्यंत ओघळलं, आणि आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं ते मी बोलले. "आज्यानं नाकारलं तर तुम्ही चौदा ऑक्टोबरला त्याच्या फोटोला हार घालता. मी नाकारलं तर तोंडात कोंबता." अप्पांचा हात तिथंच थांबला. आमच्या आजोबांची गोष्ट अप्पा दरवर्षी गावाकडच्या विहारात सांगतात, तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात. गावकीच्या कामाच्या बदल्यात दारोदार भाकरी मागून आणायची पाळी आमच्या घराकडे होती. छप्पन्न साली दीक्षेनंतर आजोबांनी ते भाकरीचं टोपलं चुलीत घातलं आणि त्याच जाळावर आंबाडीची भाजी शिजवली. म्हणाले, आजपासून या घरात कुणी टाकलेलं खाणार नाही. लोक टाळ्या वाजवतात. मीही लहानपणी वाजवल्या आहेत. पुस्तकात नसलेली, आमच्या मालकीची एवढी एकच गोष्ट, आणि तीही न खाण्याची. "त्याचा सोभिमान आणि माझा आजार, असं का?" मी म्हणाले. माझा आवाज चढला नव्हता. मला वाटलं अप्पा मारतील. त्यांनी घास ताटात ठेवला आणि हात धोतराला पुसले.

"टोपलं जाळलं तेवढंच सांगतो मी," ते म्हणाले. "पुढचं न्हाई सांगत. त्या सालात गावानं काम देनं बंद केलं. माही थोरली बहीन व्हती, माह्या आधीची, दोन वर्साची. आई सांगायची, ती पोर चुलीकडं बोट करून भाकर मांगायची. टोपल्याची जागा तिला ठावूक व्हती. उन्हाळ्यात गेली ती. आज्याला कधी चूक वाटलं न्हाई, अन् मलाबी न्हाई वाटत. पण पोर गेली ना. न्हाई म्हन्न्याचं मोल काय पडतं ते ह्या घराला ठावूक हाय. तू न्हाई म्हन्तीस तव्हा मला तुहा आजा दिसत न्हाई, भावे. ती दिसती." माय उंबऱ्यात उभी होती. तिला हे माहीत होतं, मला नव्हतं. मी गालावरचं तूप ओढणीनं पुसलं. मला त्यांच्यापुढे हरल्यासारखं वाटलं आणि राग आला, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं. आजोबांनी टोपलं जाळलं, पण चूल विझवली नव्हती. त्याच चुलीवर त्यांनी स्वतःचं शिजवलं होतं. ही गोष्ट मी वीस वेळा ऐकली आणि वीस वेळा नुसतं टोपलंच ऐकलं. मी दुपारच्या शांततेसाठी माझं ताटही जाळत आले होते, आणि त्याला माझा स्वभाव म्हणत होते.

त्याच दिवशी मी पाच किलो ज्वारी आणली आणि ओसरीत बसून निवडली. बियाणं निवडतात तशी, दाणा दाणा. गिरणीवर गेले आणि कारभारीमामांना म्हणाले की आधी माझीच दोन मुठी ज्वारी फिरवा, ते पीठ फेकून द्या, मग बाकीचं दळा. ते म्हणाले, "एवढं सोवळं कुनाचं गं?" मी म्हणाले, माझं. गिरणीतले दोघे हसले. हसू दे. घरी नवा डबा, झाकणावर माझं नाव. भाकरी मात्र मला थापता येत नाही, ओलं पीठ बोटांना चिकटलं की मला रडू येतं, हे मी मायला पहिल्यांदाच सांगितलं. तिनं एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं आणि मीही बोलले नव्हते. "मंग मी थापते. तू बस इथं, बघ," ती म्हणाली. आणि रोज पीठ मळायच्या आधी ती दोन्ही तळहात उलटेसुलटे करून मला दाखवायला लागली, झडती देणाऱ्या माणसासारखी. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. चौथ्या दिवशी आम्ही दोघी हसलो. मी भुकेची वाट बघणं सोडलं, मॅडमनी सांगितलं तसं घड्याळ लावलं. दर तीन तासांनी भाकरी, शांतता असो की नसो. आवाज परत आले. गिरणीचा पट्टा, शेजारचा टीव्ही, रेल्वेचे हॉर्न, माझ्याच दातांचा आवाज. मी कानात कापूस घालून जेवले. दोन दिवस ओकारी आली तरी जेवले. या दिवसांत जेवताना अप्पांनी आपलं ताट खिडकीकडे तोंड करून घ्यायला सुरुवात केली. मला त्यांची पाठ दिसायची. कचरूमामांना हे जसं कळलं होतं तसंच, कोण जाणे कसं, त्यांनाही कळलं.

चौदा तारखेला गावी गेलो. वंदना झाली, अप्पांचं भाषण झालं, या वेळी टोपल्यापाशी ते जरा अडखळले आणि पुढे गेले. मग विहारासमोर ताडपत्रीवर पंगत बसली. मी घरी राहू शकले असते. मॅडमनीसुद्धा म्हटलं होतं, झेपत नसेल तर नका जाऊ. पण मी आजोबांच्या फोटोसमोरच्या ओळीत, अप्पांच्या शेजारी बसले, आणि पिशवीतून माझं तीन कप्प्यांचं ताट काढलं. एका कप्प्यात दोन भाकरी. एका कप्प्यात वरण. एका कप्प्यात शेंगदाणे. समोरची ओळ बघायला लागली. एक बाई दुसरीच्या कानात बोलली. बघू द्या म्हटलं, साहेब पाहुण्यांना माझी नजर कौतुकानं सांगतात, आज ताट दाखवू. बादल्या घेऊन वाढपी निघाले. वांग्याच्या भाजीचा तिखट वाफारा जवळ यायला लागला तसे माझे खांदे वर चढले. भावकीतले पुंजारामकाका माझ्यापुढे येऊन थांबले. आमच्याकडे पाहुणा नको म्हणत असला तरी वाढतात, आणि ताटावर आडवा हात धरल्याशिवाय वाढणारा हटत नाही. मला हात धरायचा होता, पण माझे दोन्ही हात मांडीखाली होते आणि निघत नव्हते. "डोकं नॉर्मल आलं म्हने तुहं. अप्पानं पेढे वाटले जालन्यात," काका म्हणाले आणि त्यांनी भाजीनं भरलेला डाव माझ्या ताटावर आणला. "मंग आता काय? घे."

ताटावर हात आला. अप्पांचा. ग्रीसनं कायमच्या काळ्या झालेल्या रेषांचा, पसरलेला. ताटाला टेकला नव्हता, वीतभर वर होता. त्यांना तेही ठाऊक होतं. "न्हाई," अप्पा म्हणाले. काका हसले. "अरे, पोरगी उपाशी उठंन." "उपाशी न्हाई उठायची. तिचं तिनं आनलंय. जाय पुढं." डावातून एक थेंब अप्पांच्या मनगटावर सांडला. काकांनी माझ्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं, आणि बादली उचलून ते पुढच्या पानावर गेले. ओळीतल्या माना हळूहळू आपापल्या ताटांकडे वळल्या. उद्या काटा होता. छत्तीसच्या वर की खाली हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात कुठं साल पातळ, कुठं जाड, हे कुणालाच माहीत नव्हतं. पोटात भुकेची कळ आली. खरी, साधी, सकाळपासून चाललेल्या माणसाला येते तशी, आणि त्या कळेबरोबर कसलीही शांतता आली नाही, सगळे आवाज होते तिथंच होते. अप्पांचा हात अजून तसाच होता, नजर पुढच्या वाढप्यावर. मी मांडीखालून माझा उजवा हात काढला.

"अप्पा, हात काढा," मी म्हणाले. "मला जेवायचंय."